१.० टीएसआय, स्टेज १: टायमिंग अजून ३ अंश पुढे घेतलं तर ताकद वाढेल का? लॉग दिलाय

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडी पोलो १.० टीएसआय, सहा गिअर मॅन्युअल, २०२० ची, ४२,००० किमी. कंपनीचे आकडे ११० पीएस आणि १७५ एनएम. ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) स्टेज १ फाइल, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरने ताकद वाढवणारी, टाकलेली आहे. टर्बो, एक्झॉस्ट, इंटरकूलर सगळं कंपनीचंच. एअर फिल्टर नवा, प्लग ६,००० किमीपूर्वी बदललेत. पेट्रोल ९५ ऑक्टेन, कायम एकाच पंपावरचं. गाव पुणे.

३००० ते ४५०० आरपीएममध्ये गाडी हवी तशी ओढत नाही. डायनोवर (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल तीन रन घेतले. त्यातला तिसरा खाली देतोय. बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, मिलीबारमध्ये, बाहेरच्या हवेचा दाब धरून. टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) पहिल्या सिलिंडरचं, टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या जागेच्या) आधीचे अंश. पुढचे तीन आकडे म्हणजे ईसीयूने सिलिंडर १, २, ३ मध्ये किती अंश मागे घेतलं ते. शेवटचा आकडा इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान. बाहेर ३८ अंश होतं.

२५०० आरपीएम: बूस्ट २०५०, टायमिंग ५.२५, मागे ० / २.२५ / ०, हवा ४६
३००० आरपीएम: बूस्ट २०८०, टायमिंग ६.०, मागे १.५ / ५.२५ / ०.७५, हवा ४९
४००० आरपीएम: बूस्ट १९८०, टायमिंग ८.२५, मागे १.५ / ५.२५ / १.५, हवा ५४
५००० आरपीएम: बूस्ट १८२०, टायमिंग १२.०, मागे ०.७५ / ४.५ / ०.७५, हवा ५९
६००० आरपीएम: बूस्ट १६००, टायमिंग १५.७५, मागे ० / ३ / ०, हवा ६३

प्रश्न असे. फाइलमध्ये टायमिंग सरसकट ३ अंश पुढे घ्यायला सांगू का? १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाकून काही फरक पडेल का? आणि प्लगचा गॅप कमी करावा का, केला तर किती?

हेडगॅस्केट

टायमिंग आत्ता पुढे घेऊ नका. जेवढं दिलंय तेवढंच इंजिन घेत नाहीये.

तुमची ३००० ची ओळ बघा. पहिल्या सिलिंडरला ६.० मिळतंय आणि त्यातून १.५ मागे गेलंय, म्हणजे मॅपमध्ये (फाइलमधल्या टायमिंगच्या तक्त्यात) तिथे ७.५ लिहिलेलं आहे. त्याच क्षणी दुसऱ्या सिलिंडरला ७.५ वजा ५.२५, म्हणजे फक्त २.२५ अंश मिळतायत. मॅपमध्ये ७.५ च्या जागी १०.५ लिहिलंत तर दुसऱ्या सिलिंडरची नॉकची (मिश्रण आपोआप, स्फोटासारखं पेटण्याची) हद्द हलत नाही, ती २.२५ लाच राहते. ईसीयू आता ५.२५ ऐवजी ८.२५ मागे खेचेल एवढाच बदल. खरं तर हाताला त्याहूनही कमी लागेल, कारण नॉक पकडला की बॉशचा ईसीयू एका झटक्यात मोठी पायरी मागे जातो आणि परत येताना ०.७५ च्या बारीक पायऱ्यांनी सावकाश येतो. जितक्या वेळा हद्दीवर डोकं आपटाल, तितका जास्त वेळ इंजिन हद्दीच्या बरंच खाली काढेल.

शिवाय नॉक सतत येत राहिला तर हे ईसीयू टायमिंगवर थांबत नाहीत, लोडची (सिलिंडरमध्ये किती हवा भरायची त्याची) कमाल मर्यादाही खाली आणतात. मधल्या पट्ट्यात गाडी ओढत नाही याचं कारण बहुधा हेच आहे. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट असे दोन्ही लॉगमध्ये घ्या. मागणीच कमी झालेली दिसली तर शंका मिटली.

टायमिंगमधून ताकद नेमकी किती मिळते हे पण समजून घ्या, म्हणजे ३ अंशांची किंमत कळेल. जळण असं सुरू व्हायला हवं की दाबाचा कळस पिस्टन टीडीसीवरून खाली निघाल्यावर १२ ते १६ अंशांच्या आसपास यावा. त्या टायमिंगला टॉर्क सर्वांत जास्त, त्यालाच एमबीटी म्हणतात. एमबीटीपाशी वक्र जवळजवळ सपाट असतो: ५ अंश मागे आलात तर टॉर्क साधारण २ टक्के जातो, १० अंशांना ५-६ टक्के. त्यापुढे उतार वाढतो आणि दर अंशाला एक-दीड टक्का जायला लागतो. बूस्टवरचं टर्बो इंजिन भर टॉर्कला एमबीटीच्या बरंच मागे चालतं, कारण तिथवर जायच्या आधीच नॉक येतो. म्हणून टर्बोमध्ये एकेक अंश खरंच मोलाचा असतो. पण तो अंश मॅपमध्ये लिहून मिळत नाही, नॉकची हद्द पुढे सरकवून मिळतो.

आता मुख्य गोष्ट. तुमचा १ आणि ३ नंबर ठीक आहेत, दीड अंशापर्यंतची हालचाल या उन्हात मी सोडून देईन. दुसरा एकटाच ओरडतोय, आणि तोही सगळ्या आरपीएमला. पेट्रोल खराब असतं, हवा गरम असती किंवा फाइल आगाऊ असती तर तिन्ही सिलिंडर कमी-अधिक सारखेच मागे गेले असते. एकच सिलिंडर म्हणजे दोष त्या सिलिंडरमध्ये. मधल्या सिलिंडरला दोन्ही बाजूंनी शेजारी असल्याने तो थोडा जास्त तापतो, पण त्याने एखाद-दुसरा अंश जाईल, पाच नाहीत.

शोधायची पद्धत सोपी आहे आणि फुकट आहे. इंजिन पूर्ण थंड करा. कॉइल काढा, प्लगच्या विहिरीत एअर मारा, नाहीतर धूळ आत पडते. तिन्ही प्लग काढून नंबराप्रमाणे ओळीत ठेवा. काढताना प्रत्येक प्लग किती जोराने सुटला ते लक्षात ठेवा. मग दोनचा प्लग तीनमध्ये लावा, दोनची कॉइल एकवर लावा आणि परत लॉग घ्या. मागे जाणं तीनवर गेलं तर प्लग दोषी, एकवर गेलं तर कॉइल. दोनवरच राहिलं तर इंजेक्टर, व्हॉल्व्हवरचा कार्बन किंवा नॉक सेन्सर, या क्रमाने.

प्लग भिंगाखाली बघायला विसरू नका. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा चकचकीत बारीक गोळ्या दिसल्या तर नॉक खरा आहे. चकचकीत गोळ्या म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. त्या दिसल्या तर गाडी त्या फाइलवर चालवायची नाही, आधी बोअरस्कोपने पिस्टनचा माथा बघायचा.

नॉक सेन्सरचा बोल्ट कोणी हलवलाय का तेही तपासा. तो २० एनएमलाच हवा. सेन्सर ब्लॉकचा आवाज ऐकतो: ७४.५ मिमी बोअरला नॉकचा मूळ सूर साधारण ७.७ किलोहर्ट्झ येतो. बोल्ट ढिला किंवा जास्त आवळलेला असेल, बुडाशी गंज किंवा रंग असेल, तर ऐकू येणारी पातळीच बदलते. पण एका सेन्सरचा दोष बहुतेक वेळा तिन्ही सिलिंडरवर दिसतो, म्हणून तो शेवटी.

शून्य_पॉइंट_पंचाहत्तर

हेडगॅस्केट यांच्याशी सहमत. फाइलच्या बाजूचं थोडं लिहितो, कारण ‘सरसकट ३ अंश’ ही मागणीच चुकीची आहे.

या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर नाही, की नट सैल करून फिरवलं आणि सगळीकडे सारखं टायमिंग पुढे आलं. टायमिंग म्हणजे आरपीएम आणि लोड यांचा तक्ता, आणि त्याच्यावर हवेच्या तापमानाची, कूलंटची, कॅम फेजिंगची दुरुस्ती. कमी लोडच्या कप्प्यांत कंपनीने टायमिंग आधीच एमबीटीपाशी ठेवलेलं असतं. तिथे ३ अंश वाढवले तर टॉर्क कमी होईल आणि थ्रॉटलला इंजिन खडबडीत लागेल. काम आहे ते फक्त भर लोडच्या वरच्या दोन-तीन ओळींत.

दुसरी अडचण टॉर्क मॉडेलची. बॉशचा ईसीयू ड्रायव्हरची मागणी टॉर्कमध्ये मोजतो. त्याच्याकडे आदर्श टायमिंगचा वेगळा तक्ता असतो आणि प्रत्यक्ष टायमिंग त्यापासून किती मागे आहे यावरून तो टॉर्क काढतो. फक्त मूळ तक्ता वाढवला आणि आदर्श तक्ता तसाच ठेवला तर हिशेब बिघडतो. मग गिअर बदलताना झटका, थ्रॉटल अर्धवट मिटणं, नाहीतर टॉर्क मॉनिटरिंगचा फॉल्ट. फाइल करणाऱ्याला विचारा, दोन्ही तक्ते बघितलेत का.

तिसरं, बूस्ट आणि टायमिंग ही एकाच खिशातली रक्कम आहे. तुमच्या फाइलने ३००० ला २०८० मिलीबार मागितलेत. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर, बाहेरचा दाब ९५० च्या आसपास, म्हणजे गेजवर १.१३ बार. तोच २०८० मुंबईत गेजवर १.०७ च्या आसपास दिसला असता. घाटावर तेवढाच दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा जास्त तापते आणि नॉक आधी येतो. अशा वेळी मी ३००० ते ४००० मध्ये बूस्ट ८० ते १०० मिलीबारने कमी करून टायमिंग २ अंश परत मिळतंय का ते बघतो. टॉर्कचा आकडा जवळपास तोच राहतो आणि एक्झॉस्ट गार होतो. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं आहे, त्यामुळे उशिरा जळणाची उष्णता थेट हेडच्या पाण्यात जाते. टायमिंग फार मागे घेऊन वर बूस्ट कोंबलेली फाइल पहिल्या रनला छान आकडा दाखवते आणि चौथ्याला बसते.

टायमिंग बसवायची माझी रीत: आधी भर लोडच्या कप्प्यांतून जेवढं मागे जातंय तेवढं कमी करायचं, म्हणजे लॉग शून्यावर आणायचा. मग एका वेळी एक अंश, फक्त ५०० आरपीएमच्या पट्ट्यात, प्रत्येक बदलाला तीन रन. दोन रनमध्ये हवेचं तापमान पहिल्या रनइतकं खाली येईपर्यंत थांबायचं. डायनोच स्वतः एक टक्का इकडेतिकडे दाखवतो, म्हणून टॉर्क त्याहून जास्त वाढला तरच तो अंश ठेवायचा. वाढला नाही आणि नॉकही नाही, तर एमबीटी आलं, एक अंश मागे या. नॉक आला तर तिथून दोन अंश मागे. आणि हे सगळं एप्रिल-मेच्या दुपारी करायचं. डिसेंबरच्या सकाळी बसवलेलं टायमिंग उन्हाळ्यात टिकत नाही.

१०० ऑक्टेनबद्दल: नॉक कंट्रोल जे मागे घेतलंय ते परत देतो, मॅपच्या पुढे नेत नाही. १०० टाकल्यावर तुमचे १ आणि ३ शून्यावर येतील, दोन काही अंश सुधारेल, बस्स. त्याहून जास्त हवं तर १०० साठीच वेगळी फाइल लागते, आणि ते पेट्रोल मोजक्या पंपांवर मिळतं. कोल्हापूर-कोकणात फिरताना टाकीत काय असेल ते धरून फाइल करा. एक लक्षात घ्या, ई-२० च्या (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या) मानकातच किमान ९५ रॉन (आपल्याकडे मोजतात तो ऑक्टेन) आहे, तेव्हा ९५ च्या प्रीमियम पेट्रोलने ऑक्टेन वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. इथेनॉल हवेला थंड करतं हा त्याचा फायदा. पण तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं: साध्या पेट्रोलचं हवा-इंधनाचं १४.७ चं प्रमाण ई-२० ला साधारण १३.५ होतं. म्हणून मिश्रण लॅम्डामध्येच (१ म्हणजे त्या इंधनाचं अचूक प्रमाण, त्याखाली इंधन जास्त) बघा. भर लोडला ०.८५ ते ०.८८ मध्ये असेल आणि रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा पेट्रोलचा दाब) मागितलेलं-मिळालेलं जुळत असेल तर ठीक. रेल प्रेशर पडत असेल तर टायमिंगचा विषय तिथेच बंद.

बाटलीतले ऑक्टेन बूस्टर टाळा. त्यावर लिहिलेले ‘पॉइंट’ हे बऱ्याचदा ऑक्टेनचे दशांश असतात. मँगनीज किंवा लोहाची संयुगं असलेले तर प्लगवर तांबूस थर चढवतात, आणि तो थर विजेला वाट देतो.

न्यूजर्सी_ईजे२५५

इथल्या सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या अनुभवातून तुलना देतो, कारण बरेच जण अमेरिकन फोरमवरचे टायमिंगचे आकडे उचलून पुण्यात लावतात.

पहिलं ऑक्टेन. इथे अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी लिहितात. इथलं ९३ म्हणजे साधारण ९८ रॉन. ‘९३ ची फाइल’ भारतातल्या ९५ वर चालेल असं समजणं म्हणजे तीन रॉन कमी घालून तेच टायमिंग मागणं.

दुसरं, सुबारूचा ईसीयू नॉक वेगळ्या भाषेत सांगतो. मूळ टायमिंग वेगळं, त्यावर चढवायचं जास्तीचं टायमिंग वेगळं, आणि त्या जास्तीला ० ते १ मधल्या एका आकड्याने गुणतात. तो आकडा १ वर असेल तर ईसीयू समाधानी. ०.९ ला आला म्हणजे त्याने सगळ्या इंजिनाचं टायमिंग कमी केलंय. त्याशिवाय तात्कालिक दुरुस्ती आणि शिकलेली दुरुस्ती असे दोन आकडे असतात. तात्कालिक मध्ये हलक्या थ्रॉटलला उणे १.४ दिसलं तर बहुतेक वेळा तो रस्त्याचा किंवा सुट्या हीट शील्डचा आवाज असतो. भर बूस्टला तेच दिसलं तर तो नॉक. म्हणून कुठल्याही गाडीत नॉकचा आकडा लोड आणि आरपीएमसोबतच वाचावा, एकटा नाही.

आणि परिणाम काय होतो ते: ईजे मालिकेच्या टर्बो इंजिनांत ओतीव पिस्टन आहेत. नॉकने तुटतो तो पिस्टनचा माथा नव्हे, दोन रिंगांमधली कड. बहुतेक वेळा चार नंबरच्या सिलिंडरची. लक्षणं म्हणजे क्रँककेसमधून निळसर वाफ, तेल खाणं, आयडलला एक ठोका चुकणं. लीक-डाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघतात ती) हवा डिपस्टिकच्या नळीतून ऐकू येते. हे घडायला महिने लागत नाहीत, चुकीच्या टायमिंगचे काही पूर्ण रन पुरतात.

तिसरा_गिअर

मंडळी, प्लग काढले. अदलाबदलीपर्यंत जावंच लागलं नाही. एक आणि तीनला पाना लावून जोर द्यावा लागला, दोनचा प्लग एक्स्टेन्शन बोटांनी फिरवून सुटला. त्याचा वॉशर जवळजवळ दबलेलाच नव्हता, गोल फुगीर होता, बाकी दोन चपटे. धाग्यांवर काळपट काजळी वरपर्यंत चढलेली. चिनीमातीवर भिंगाने सहा-सात काळे ठिपके मोजले, चकचकीत काही नाही. गॅप तिन्हींचा ०.८. कॉइलच्या रबरावर जळल्याची खूण नाही.

तिन्ही नवे प्लग आणलेत. किती टॉर्कला आवळू, आणि गॅप?

हेडगॅस्केट

सापडलं तुमचं. ढिल्या प्लगला आपली उष्णता हेडमध्ये सोडता येत नाही. प्लगची बरीचशी उष्णता धागे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते. वॉशर दबला नाही तर टोक तापत जातं. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांवर स्वतःला स्वच्छ ठेवतं आणि ८०० च्या पुढे गेलं की ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवायला लागतं. एनजीके सांगतं की टायमिंग १० अंश पुढे घेतलं तर टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी वाढतं. म्हणजे त्या ढिल्या प्लगवर तुम्ही ३ अंश आणखी चढवले असते तर काय झालं असतं ते बघा.

टॉर्क: तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा धरा. १२ मिमी धाग्याच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये एनजीकेची सर्वसाधारण शिफारस १५ ते २० एनएम आहे, म्हणजे आकडा लहान आहे. मोठ्या अर्ध्या इंची टॉर्क पान्यावर एवढा लहान आकडा नीट लागत नाही, ५ ते २५ एनएमचा छोटा पाना वापरा. धागे कोरडे, अँटिसीझ अजिबात नको. अँटिसीझ लावलं की त्याच आकड्याला प्लग जास्त आवळला जातो आणि धागा ताणतो. आधी हाताने वॉशर टेकेपर्यंत, मग पान्याने. नवा वॉशर दबताना हाताला मऊ लागतो आणि मग एकदम घट्ट होतो. तो बदल जाणवला नाही तर थांबा, धागा तिरका गेलेला असू शकतो.

गॅप ०.७. या बूस्टला ०.८ वर ठिणगी विझायची शक्यता असते, विशेषतः ३००० च्या आसपास जिथे सिलिंडरमधला दाब सर्वांत जास्त. ०.५ पर्यंत उतरू नका, आयडलला ठोके चुकतात. गॅप करताना फक्त बाजूची पट्टी हलकेच दाबायची. इरिडियमच्या सुईसारख्या टोकाला फीलर गेज किंवा कुठलंही हत्यार टेकवायचं नाही, ते मोडतं. थंड प्लग (उष्णता लवकर सोडणारा) घ्यायचा विचार असेल तर एक पायरी पुरे, आणि नंबर वाचताना चुकू नका: एनजीकेत नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नंबर कमी झाला की थंड. तुमची गाडी रोज सिग्नलला उभी राहत असेल तर मी कंपनीच्याच हीट रेंजवर राहीन, थंड प्लग शहरात काजळतो.

तिसरा_गिअर

नवे प्लग मॅन्युअलच्या टॉर्कला, गॅप ०.७. शिकलेल्या व्हॅल्यू क्लिअर केल्या. त्याच डायनोवर, बाहेर ३७ अंश. ३००० ला मागे ०.७५ / १.५ / ०.७५. ४००० ला १.५ / २.२५ / १.५. ५००० ला १.५ / १.५ / ०.७५. आता बूस्टची मागणी खाली येत नाही आणि मधला खड्डा भरला. पण हवेचं तापमान तसंच, ६००० ला ६२.

शून्य_पॉइंट_पंचाहत्तर

आता तिन्ही सारखे वागतायत, म्हणजे राहिलेलं काम हवेचं आहे.

डायनोचा पंखा तुम्हाला शंभरच्या वेगाचा वारा देत नाही, त्यामुळे ६२ मधला काही भाग तिथलाच आहे. तरी एका रनमध्ये १६-१७ अंश चढणं मला जास्त वाटतं. या इंजिनाचा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्ये आहे आणि त्याला पाण्याचं वेगळं सर्किट आहे: पुढे छोटा रेडिएटर, मध्ये इलेक्ट्रिक पंप. समोर मोठा इंटरकूलर लावायचा विचार मनात आणण्याआधी हे सर्किट तपासा. स्कॅनरवरून पंप चालू करून बघा, हात लावला की थरथर कळते. कूलंट कधी उघडलं असेल तर आत हवा अडकलेली असू शकते. नुसतं टाकीत ओतून ती निघत नाही, व्हॅक्यूम लावून भरावं लागतं. छोट्या रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे साचतात, मागच्या बाजूने कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने पंख वाकतात.

हवा १० अंशांनी उतरली तर ईसीयूची तापमान-दुरुस्ती कमी होऊन टायमिंग मॅपच्या जवळ आपोआप येईल. त्यानंतरच ३५०० ते ५००० मध्ये एक अंश वाढवून बघा. ३००० च्या खाली हात लावू नका.

क्लचप्लेट

त्या ३००० च्या खालच्या पट्ट्याबद्दल भर घालतो. थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात १५०० ते २५०० आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं. तेलाचा थेंब किंवा कार्बनचा कण ते पेटवतो. हा नॉक टायमिंग मागे घेऊन थांबत नाही, कारण ठिणगीचा त्यात संबंधच नाही. एक ठोका पिस्टन फोडायला पुरतो. उपाय तीनच: फाइलमध्ये २२०० च्या खाली टॉर्कची मर्यादा, एपीआय एसपी दर्जाचं आणि कंपनीला मान्य असलेलं तेल वेळेवर, आणि घाटात सहाव्यातून चौथ्यात येणं.

टॉर्क वाढवताना गिअरबॉक्सही बघा. तुमचा बॉक्स एमक्यू२०० आहे, नावातला २०० म्हणजे त्याची टॉर्कची क्षमता. २५०० ला टॉर्कचं टेकाड उभं करणारी फाइल आधी क्लच सरकवते, मग बॉक्सला त्रास देते. ताकद ४५०० च्या पुढे टायमिंगमधून घ्या, ती बॉक्सला सोसते.

ट्यूनिंग बॉक्स लावून वर आणखी बूस्ट घ्यायचा मोह होईल, तो नको. तो बॉक्स दाबाच्या सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतो. ईसीयूला वाटतं लोड कमी आहे, मग तो कमी लोडच्या कप्प्यातलं, म्हणजे जास्त पुढचं टायमिंग उचलतो. बूस्ट जास्त आणि टायमिंगही जास्त, आणि मध्ये वाचवायला फक्त नॉक सेन्सर.

हेडगॅस्केट

एक राहिलं. पुढचे लॉगही डायनोवरच घ्या, दोन रनमध्ये हवा गार होईपर्यंत पंख्यासमोर थांबून. तिसऱ्या गिअरला ६००० म्हणजे वेग शंभरच्या पुढे जातो, एक्स्प्रेसवे ही त्याची जागा नाही. आणि नवे प्लग १,००० किमी झाल्यावर एकदा काढून दोन नंबरची चिनीमाती परत भिंगाखाली बघा. ठिपके नसतील तर फोटो टाका, मग एका अंशाचं बघू.